बॅटरी हा नाशवंत माल आहे

आम्हा कापडवाल्यांच्या हाताला एक सवय असते. ताग्याचे टोक हाती आले की आधी ते उजेडात धरायचे, मग चिमटीत चोळायचे, एक धागा ओढून पाहायचा. सूत किती काउंटचे, रंग पक्का की कच्चा, पन्हा पुरा भरतो की नाही, हे पाहिल्यावाचून आपण दहा मीटर मालही उचलत नाही. हाच व्यापारी दुकानातल्या संगणकाच्या यूपीएससाठी बॅटरी आणायला जातो, तेव्हा मात्र एवढेच बोलतो, "भाई, एक सात एएचची दे." समोरचा फळीवरून एक काळा डबा काढतो, फडक्याने पुसतो आणि पैसे घेतो. तारीख कोणी पाहत नाही, वजन कोणी करत नाही, बिलही बहुतेक वेळा कच्चेच असते. मग दहा महिन्यांनी बॅटरी बसली की आपण म्हणतो, आजकाल मालच तसा येतो!

माल तसा येतो हे काही अंशी खरे आहे. पण आपण घेतो तसा, आणि ठेवतो तसा, हे जास्त खरे आहे.

वाचक म्हणतील, कापडाच्या व्यापाऱ्याने बॅटरीवर कशाला लिहावे? कारण सरळ आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि लाल चोपडी जवळजवळ कपाटात गेली. आता खरेदी, विक्री, साठा, उधारी सगळे संगणकात असते. वीज अर्ध्या सेकंदासाठी जरी गेली, तरी त्या क्षणी उघडी असलेली हिशेबाची फाईल खराब होऊ शकते. कधी ती दुरुस्त होते, कधी चार दिवसांची बिले पुन्हा टाकावी लागतात. रमजान ईदच्या आदल्या आठवड्यात किंवा दिवाळीच्या तोंडावर दुकानात पाय ठेवायला जागा नसताना हे झाले, तर काय होते ते ज्याच्यावर गुदरले त्यालाच विचारावे. हा सारा व्यवहार दोन-अडीच किलोच्या एका डब्यावर उभा आहे, आणि आपण त्याच्याबद्दल इतके बेफिकीर!

यात एक गंमतही आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने जे भारनियमन सोसले ते पुष्कळांच्या ध्यानात असेल. तेव्हा वीज रोज जायची. त्यामुळे बॅटरी कमजोर झाली की आठवड्याच्या आत कळायचे. आता नाशिक शहरात तसे तासन्‌तासांचे भारनियमन नाही. महिनोन्‌महिने यूपीएसला काही कामच पडत नाही. त्याचा हिरवा दिवा पेटलेला असतो आणि आपण समजतो सर्व ठीक आहे. आत बॅटरी केव्हाच मेलेली असते. मग मे-जूनमध्ये वळवाचे वादळ येते, एखादी फांदी तारेवर पडते आणि संगणक पंख्याबरोबरच बंद होतो. वीज पूर्वीपेक्षा बरी झाली म्हणून बॅटरीकडे जास्त लक्ष द्यावे लागते, ही गोष्ट उलटी वाटते, पण आहे अशीच.

या डब्यात आहे काय? शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे तेजाब. मूळ युक्ती गॅस्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची, १८५९ सालची. बारा व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे दोन व्होल्टची सहा घरे असतात. मोटारीच्या बॅटरीत तेजाब पाण्यासारखे मोकळे असते. यूपीएसच्या लहान बॅटरीत ते काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून ठेवलेले असते, म्हणून ती आडवी केली तरी सांडत नाही. चार्जिंगच्या वेळी निर्माण होणारा वायू आतल्या आत पुन्हा पाणी होतो. म्हणून तिला 'एसएमएफ' म्हणजे सील्ड मेंटेनन्स फ्री म्हणतात. या 'मेंटेनन्स फ्री' शब्दाने फार गैरसमज केला आहे. तिच्यात पाणी घालावे लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमचे काही हुशार मेकॅनिक झाकण उचकटून इंजेक्शनच्या सुईने पाणी घालतात आणि "चार महिने अजून चालेल" म्हणतात. कधी ती चारऐवजी एक महिना चालतेही. परंतु त्या मेहनतीवर संगणकातला वर्षाचा हिशेब सोपवणे काही शहाणपणाचे नाही.

बॅटरी मरते कशी, हे एकदा समजून घेतले म्हणजे पुढचे सगळे आपोआप समजते. वीज वापरली जाते तेव्हा शिशाच्या पट्ट्यांवर एक पांढरट क्षार तयार होतो. लगेच चार्जिंग मिळाले तर तो क्षार पुन्हा विरघळतो. बॅटरी रिकामी असताना तशीच दिवसेंदिवस पडून राहिली, तर तो क्षार कडक होतो, जसा बंबाच्या आत धरतो तसा. मग कितीही चार्ज करा, पट्टीचा तेवढा भाग कायमचा वाया गेला. दुसरा शत्रू उष्णता. तिच्याकडे पुढे येतो.

सात एएचचा हिशेब

बॅटरीवर १२ व्होल्ट ७ एएच लिहिलेले असते. बारा गुणिले सात म्हणजे ८४ वॅट-तास. आपल्याला वाटते, १०० वॅटचा संगणक पाऊण तासाहून जास्त चालेल. तसे होत नाही. तो सात आकडा वीस तासांच्या संथ वापरावर मोजलेला असतो, म्हणजे ताशी जेमतेम पाव-अर्धा अँपिअर काढला तर. संगणक मात्र एकदम दहा-अकरा अँपिअर ओढतो. इतक्या घाईने वीज काढली की बॅटरी पुरे माप देत नाही, आणि यूपीएस स्वतःही थोडी खातो. कोऱ्या कापडाचा पन्हा ताग्यावर वेगळा आणि धुतल्यावर वेगळा, तशातला हा प्रकार आहे. नवी, चांगली बॅटरी १०० वॅटच्या भारावर पंधरा-वीस मिनिटे देते. भार २०० वॅट केला तर दहा मिनिटे नाही, सात-आठ मिनिटेच मिळतात.

म्हणून यूपीएसवर काय लावावे हा प्रश्न बॅटरी कोणती घ्यावी याच्याइतकाच महत्त्वाचा आहे. संगणक, पडदा आणि इंटरनेटचा राऊटर, एवढे पुरे. राऊटर अवश्य लावावा, कारण ई-वे बिल अर्धवट असताना नेट गेले तर संगणक चालू असून उपयोग काय? बिल छापण्याचा लहान थर्मल प्रिंटर चालेल. लेझर प्रिंटर कधीही लावू नये. शाई भाजण्यासाठी तो कित्येकशे वॅट एकदम ओढतो, आणि दोनचार पानांसाठी बॅटरीचे आयुष्य कमी करतो. काउंटरवरचा पंखा लावणारेही महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलावे!

पंधरा मिनिटे ही दुकान चालवण्यासाठी नाहीत. चालू बिल पुरे करून फाईल नीट बंद करण्यासाठी आहेत. ज्याला दोन तास काम करायचे आहे त्याने तसा मोठा, बाहेरची बॅटरी घेणारा यूपीएस घ्यावा. लहान यूपीएसला बाहेरून मोटारीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी वायर ओढून जोडण्याची युक्ती आपल्या बाजारात फार चालते. ६०० व्हीएच्या यूपीएसचा चार्जर चिमुकला असतो. त्याच्याकडून १५० एएचची बॅटरी भरणे म्हणजे वाटीने विहीर भरणे. शिवाय हा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे चालण्याच्या हिशेबाने बनवलेला असतो. तासभर चालला की आतला ट्रान्सफॉर्मर तापतो, आणि भोवती असते कापड. आणखी एक गोष्ट कापडवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. पाणी घालण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी तेजाबाचे बारीक तुषार उडतात. सुती कापडावर ते पडले तर त्या दिवशी काही दिसत नाही. गिऱ्हाईक कापड घरी नेते, धुते, आणि त्यात भोके पडतात. मग कापड जुने होते की नवे, यावरून भांडण. अशा बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायूही पेट घेणारा असतो. ती ठेवायचीच असेल तर हवेशीर जागी, मालापासून दूर.

घेताना काय पाहावे

प्रथम जुनी बॅटरी बाहेर काढून तिच्यावरचे आकडे कागदावर लिहून न्यावेत: व्होल्ट, एएच, लांबी-रुंदी-उंची, आणि संख्या. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा एक बॅटरी असते. १ केव्हीएच्या अनेक यूपीएसमध्ये दोन, ऑनलाइन प्रकारात तीनही असतात. सर्रास मिळणारी ७ एएचची बॅटरी १५१ मिलिमीटर लांब आणि ६५ मिलिमीटर रुंद असते. त्याच मापात ९ एएचचीही मिळते. ती घ्यायला हरकत नाही, वेळ थोडा जास्त मिळतो, चार्ज व्हायलाही जास्त वेळ लागतो. मात्र वायर अडकवण्याची पाती दोन रुंदीच्या येतात, सुमारे पावणेपाच मिलिमीटर आणि सुमारे साडेसहा मिलिमीटर. जुनी कोणती होती ते पाहून घ्यावे. पाते जुळत नाही म्हणून पक्कड घेऊन दाबून बसवलेली वायर सैल राहते, सैल जोड तापतो, आणि तापलेला जोड कापडाच्या दुकानात काय करील हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट तारीख. प्रत्येक चांगल्या कंपनीच्या बॅटरीवर बनल्याची तारीख किंवा तिचा सांकेतिक आकडा ठोकलेला असतो. दुकानदाराला तो वाचून दाखवायला सांगावे. त्याला सांगता येत नसेल तर दुसरे दुकान गाठावे. बॅटरी नुसती फळीवर बसूनही दरमहा सुमारे तीन टक्के वीज गमावते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. सहा महिन्यांच्या आत तिला एकदा चार्ज करावेच लागते. वर्षभर धूळ खात पडलेली बॅटरी नवी म्हणून घेणे म्हणजे कसर लागलेला लोकरीचा तागा पूर्ण भावाने घेणे आहे. मल्टिमीटर आता स्वस्त मिळतो. दुकानातच मोजून पाहावे. ताजी, भरलेली बॅटरी १२.८ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.५ च्या खाली दाखवत असेल तर ती फार दिवस पडून आहे, सोडून द्यावी. पण १२.८ दाखवले म्हणजे सर्व आले असेही नाही. मेलेली बॅटरीही विसाव्यात चांगले व्होल्ट दाखवते आणि भार पडताच मान टाकते. खरी परीक्षा भारावरच.

तिसरी गोष्ट वजन, आणि यात आपण व्यापारी उस्ताद आहोत. बॅटरीत मोल आहे ते शिशाचे. ७ एएचची बॅटरी दोन किलोच्या पुढे भरली पाहिजे. स्टिकर ७ एएचचा आणि वजन दीड किलो, म्हणजे पट्ट्या पातळ आहेत. तीन वेगवेगळ्या बॅटऱ्या वजनकाट्यावर ठेवून पाहा. स्वस्त कोणती आणि हलकी कोणती हे लगेच कळते, आणि बहुधा ती एकच निघते. एक्साइडची पॉवरसेफ, अमारा राजाची अमरॉन क्वांटा ही नावे बाजारात प्रसिद्ध आहेत. इतरही चांगले बनवणारे आहेत. नावापेक्षा तारीख, वजन आणि बिल पाहावे, कारण प्रसिद्ध नावाची नक्कल होते, हे कापडाच्या बाजारात आपल्याला कोणी शिकवायला नको. जुनी बॅटरी धुऊन, पुसून, नवे वेष्टण चढवून विकण्याचाही धंदा चालतो. पात्यांवर आधी वायर बसल्याचे ओरखडे दिसतात का, तेवढे पाहिले तरी पुष्कळदा चोरी उघडी पडते.

बिल पक्के घ्यावे आणि त्यावर बॅटरीचा क्रमांक लिहून घ्यावा. बिल नसेल तर गॅरंटी कार्डावरचा शिक्का काही कामाचा नाही. पूर्वी शिशाच्या बॅटरीवर २८ टक्के जीएसटी होता, म्हणून लोक कच्च्या बिलाकडे वळत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. आणि नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या बॅटरीचा कर वजा मिळतो. मग कच्च्या बिलात वाचते काय? गॅरंटी जाते, कराची वजावट जाते, आणि "चाचा, तुम्हाला म्हणून कमी लावले" हे ऐकण्याचे समाधान तेवढे मिळते.

यूपीएसमध्ये दोन किंवा तीन बॅटऱ्या असतील तर सगळ्या एकदम बदलाव्यात, एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या, शक्यतो एकाच तारखेच्या. एक बदलून काम भागवू असे पुष्कळजण म्हणतात. एका जुवाला एक तरणा बैल आणि एक म्हातारा जुंपला तर नांगरट म्हाताऱ्याच्या चालीने होते. इथेही तसेच. वीज गेली की कमजोर बॅटरी आधी रिकामी होते आणि यूपीएस बंद पडतो. नवीतली वीज नवीतच राहते. चार्जिंगच्या वेळी चार्जर सगळ्यांचे मिळून व्होल्ट पाहतो, कोणाला किती गेले हे पाहत नाही. त्यात नवीचेही आयुष्य जाते.

लिथियमची बॅटरी जुन्या यूपीएसमध्ये बसवावी का, असे तरुण मंडळी विचारतात. लिथियम जास्त टिकते आणि हलकी असते हे खरे. पण यूपीएसचा चार्जर शिशासाठी बांधलेला असतो. यूपीएस बनवणाऱ्याने स्वतः तशी परवानगी लिहिलेली नसेल तर तो प्रयोग दुकानात करू नये.

कुठे ठेवावी

बॅटरीचे आयुष्य २० ते २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते. तापमान त्याच्यावर आठ-दहा अंशांनी सतत वाढले की आयुष्य जवळजवळ निम्मे होते. नाशिकची हवा थंड म्हणून प्रसिद्ध होती, पण एप्रिल-मेमध्ये इथेही पारा चाळिशीला टेकतो, मालेगावात त्याच्याही वर जातो. जुन्या नाशकातली आपली दुकाने अरुंद, वर पत्र्याचा पोटमाळा, आणि यूपीएस कुठे? काउंटरच्या खाली, तिन्ही बाजूंनी कापडाच्या गठ्ठ्यांनी दाबलेला, मागच्या जाळीत तंतूंची गादी बसलेली. स्वतःच्या गरमीतच तो भाजत असतो. मग पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी दोन वर्षांत गेली, तर त्यात कंपनीचा दोष किती आणि आपला किती?

यूपीएसच्या चारही बाजूंना वीतभर जागा मोकळी ठेवावी. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने जाळी झाडावी. यंत्रमागाच्या कारखान्यात ज्यांचे ऑफिस आहे त्यांनी दर आठवड्याला झाडावी. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा हे काम दहा मिनिटांचे आहे. फरशीवर कधी ठेवू नये. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा सराफ बाजार, भांडी बाजार भागात दुकानांत पाणी शिरले. नदीकाठच्या पेठांतल्या दुकानदारांनी यूपीएस निदान कमरेइतक्या उंचीवर फळीवर ठेवावा. त्याने गारवाही मिळतो आणि तो डोळ्यांसमोरही राहतो.

आता आमच्या बाजारातल्या एका सवयीबद्दल. कापडाच्या दुकानात आगीची भीती असते म्हणून रात्री आपण मेन स्विच बंद करून कुलूप लावतो. सवय अगदी योग्य आहे. परंतु यूपीएस चालूच राहतो! त्याला वाटते वीज गेली. संगणक बंद असला तरी तो आपल्या कामावर हजर राहतो आणि बॅटरी हळूहळू पिळून काढतो. काही यूपीएस भार नाही हे ओळखून स्वतः बंद होतात, पुष्कळसे होत नाहीत. सकाळी दुकान उघडेपर्यंत बॅटरी तळाला गेलेली. असे महिन्यातून पंचवीस वेळा. कोणतीही बॅटरी याला टिकणार नाही. उपाय फुकट आहे: आधी संगणक बंद, मग यूपीएसच्या बटणाने यूपीएस बंद, आणि शेवटी मेन. मुनीम किंवा पोऱ्या, जो कोणी दुकान बंद करतो, त्याला हा क्रम लिहून भिंतीवर लावावा. जितक्या बॅटऱ्या निकृष्ट मालाने मेल्या असतील, तितक्याच या एका चुकलेल्या क्रमाने मेल्या असतील असे माझे मत आहे.

दुकान फार दिवस बंद राहणार असेल तर यूपीएस पूर्ण चार्ज करून मगच बंद करावा, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा येऊन रात्रभर नाही तरी आठ-दहा तास चार्ज करावा. २०२० च्या टाळेबंदीनंतर बाजार उघडला तेव्हा न वापरताच बॅटऱ्या मेलेल्या सापडल्याची तक्रार कित्येकांनी केली. त्या न वापरल्यामुळेच मेल्या होत्या.

परीक्षा कशी घ्यावी? नवी बॅटरी बसवली की आधी आठ-दहा तास चार्ज होऊ द्यावी. मग संगणक काढून १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब यूपीएसला लावावा, भिंतीवरचे बटण बंद करावे आणि घड्याळ लावावे. प्लग उपटू नये. प्लग उपटला की अर्थिंगही सुटते. यूपीएसची शेवटची घाईची शिट्टी सुरू झाली की लगेच वीज चालू करावी आणि किती मिनिटे झाली ते चिठ्ठीवर तारखेसह लिहून यूपीएसलाच चिकटवावे. हीच परीक्षा दर चार महिन्यांनी. पंधरा मिनिटांची दहा झाली की नव्या बॅटरीच्या चौकशीला लागावे. सात झाली की वाट पाहू नये, कारण त्यानंतर ती हळूहळू उतरत नाही, कोसळते. आणि चिठ्ठीवरची मिनिटे ठीक असली तरी तीन वर्षे झालेली बॅटरी ईद किंवा दिवाळीच्या हंगामात नेऊ नये, हंगामाच्या महिनाभर आधीच बदलावी. रोज वापरून पाहण्याची मात्र गरज नाही. प्रत्येक वेळी पूर्ण रिकामी केल्याने तिचे आयुष्य घटतेच.

बॅटरी फुगली, डब्यातून ती सहज निघेना, किंवा सडलेल्या अंड्यासारखा वास आला, तर परीक्षा घेत बसू नये. यूपीएस तत्काळ बंद करावा. वर्षाच्या आत दोन बॅटऱ्या लागोपाठ गेल्या तर तिसरी आणण्याआधी चार्जर तपासून घ्यावा: बॅटरी भरलेली असताना पात्यांवर १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. सतत १४.५ दिसत असतील तर यूपीएस बॅटरीला शिजवतो आहे. बॅटरी बदलताना यूपीएसचा प्लग काढावा, हातातली अंगठी आणि घड्याळ उतरवावे, लाल वायर लालला आणि काळी काळीला. दोन्ही पाती एका पान्याने चुकून जोडली गेली तर पाना क्षणात लाल होतो. दोन-तीन बॅटऱ्यांचा ऑनलाइन यूपीएस स्वतः उघडू नये, जाणकाराला बोलवावे.

जुन्या बॅटरीचे काय?

इथपर्यंत नफा-नुकसान आपापल्या दुकानाचे होते. जुनी बॅटरी मात्र दुकानाबाहेर जाते, आणि जाते कुठे? भंगारवाला काट्यावर तोलतो, नवी बॅटरी देणाऱ्यापेक्षा दहा-वीस रुपये जास्त देतो, आणि आपण खूश होतो. तो जास्त का देऊ शकतो याचा विचार करावा. बॅटरीच्या वजनात सुमारे साठ टक्के शिसे असते. ते काढण्यासाठी कुठल्यातरी पडवीत ती कुऱ्हाडीने फोडतात, तेजाब गटारात ओततात आणि शिसे कढईत वितळवतात. धुराला धुराडे नाही, हाताला मोजे नाहीत. हे काम करणारी मुले कोणाची आहेत? बहुतेक आपल्याच वस्त्यांमधली आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पोटासाठी करतात.

शिशाची भुकटी कपड्यांवर बसून घरी येते आणि लहान मुलांच्या अंगात जाते. मुलांची बुद्धी, वाढ, ऐकणे यांवर तिचा परिणाम होतो, आणि तो परत भरून येत नाही. मुलांसाठी शिशाचे अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना म्हणतच नाही. आफ्रिकेत सेनेगल देशाच्या राजधानीजवळ थियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे गरीब बायका जुन्या बॅटऱ्यांचे शिसे वेचत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्या काळात तिथली १८ मुले दगावली. आधी कारणच कळेना. नंतर तपासणी झाली तेव्हा त्यांच्या भावंडांच्या आणि आयांच्या रक्तात शिसे सापडले.

आपल्या देशात २००१ पासून बॅटरीचे नियम आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये नवे नियम आले आणि जुनी बॅटरी परत गोळा करून तिचे शिसे रीतसर काढून घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आली. वापरणाऱ्यावरही आहे: ती कचऱ्यात न टाकता रीतसर गोळा करणाऱ्याकडे द्यावी. सोपा मार्ग हाच की नवी बॅटरी पक्क्या बिलाने घेताना जुनी त्याच दुकानात द्यावी आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी. दहा-वीस रुपये कमी मिळतील. मिळू द्यावेत.

अडचण अशी की एका दुकानातून दोन-तीन वर्षांत एक बॅटरी निघते, आणि नोंदणीकृत कारखान्याचा माणूस एका बॅटरीसाठी पेठेत येणार नाही. पण मेन रोडपासून दूध बाजारापर्यंत दुकाने किती आहेत? व्यापारी संघटनांनी वर्षातून दोन दिवस ठरवले, एक रमजानच्या आधी आणि एक दिवाळीच्या आधी, तर टेम्पोभर माल सहज जमेल, आणि टेम्पोभर मालासाठी तो माणूस येईलही आणि भावही बरा देईल. देताना प्रत्येकाने बॅटरी उभी ठेवावी, दोन्ही पात्यांवर चिकटपट्टी लावावी आणि फुटकी असेल तर प्लास्टिकच्या बादलीत घालून आणावी, गोणपाटात नव्हे. पावती ज्याच्या त्याच्या नावावर मागून घ्यावी. त्या पावतीवर कारखान्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल, तर तो टेम्पो शेवटी त्याच पडवीत रिकामा होणार आहे असे समजावे आणि माल देऊ नये.